खवट खोबरं आणि जीआरईचे शब्द

देवगड तालुक्यातल्या एका खेड्यातून एका मुलीचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जीआरई, म्हणजे अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा; त्यातलं क्वांट म्हणजे गणित, व्हर्बल म्हणजे इंग्रजी. हातात चौदा आठवडे. घरी आंब्याचा सीझन, रोज संध्याकाळी पेट्या भरायला बसावं लागतं. कुणा सीनियरकडून साडेतीन हजार शब्दांची यादी मिळाली. रोज पन्नास शब्द पाठ करते आणि आठव्या दिवशी पहिल्या दिवसाची पाटी कोरी. "सर, क्वांटचं टेन्शन नाही. पण मराठी मीडियमवाल्यांचं व्हर्बल होतं का? आणि आधी सगळे शब्द संपवू की आधी प्रश्न सोडवायला घेऊ?"

होतं. पण त्याआधी एक कोरडं काम उरकून घे. विद्यापीठांच्या ज्या विभागांत अर्ज करायचाय त्यांची वेबपानं उघड आणि तिथे जीआरई खरंच मागतात का ते बघ. कोविडनंतर अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांनी ती ऐच्छिक केली, काही तर गुण बघतही नाहीत. माझ्याकडे दोन महिने घाम गाळून मग "सर, माझ्या पाचपैकी चार ठिकाणी लागतच नाही" असं सांगणारी मुलं येऊन गेली आहेत.

आता तुझी यादी. ती बहुधा तुझ्या सीनियरने त्याच्या सीनियरकडून घेतली असेल, आणि त्याने आणखी कुणाकडून. अशा याद्यांचं मूळ जुन्या परीक्षेत आहे. ऑगस्ट २०११ पर्यंत जीआरईत विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न असायचे: एक शब्द सुटा द्यायचा, खाली पाच पर्याय, उलट अर्थाचा निवडा. तेव्हा घोकंपट्टी चालायची, कारण शब्द एकटाच समोर यायचा. २०११ मध्ये ते प्रश्न गेले, उपमासंबंधांचेही गेले. आता प्रत्येक शब्द वाक्याच्या आत बसूनच येतो. २२ सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आणखी आखूड झाली, सगळी मिळून १ तास ५८ मिनिटं. त्यात व्हर्बलचे दोन भाग, १२ प्रश्नांना १८ मिनिटं आणि १५ प्रश्नांना २३ मिनिटं. एकूण २७ प्रश्नांतले साधारण निम्मे रिकाम्या जागांचे, बाकी उताऱ्यांचे. म्हणजे साडेतीन हजारांतले तुझ्या वाट्याला फार तर साठ-सत्तर येणार, तेही पर्याय म्हणून, गर्दीत.

मी रत्नागिरीत जुन्या परीक्षेच्या काळापासून हे शिकवतोय, आणि एक चूक माझ्याच खात्यावर आहे. त्या काळी मी स्वतः एक यादी सायक्लोस्टाइल करून वाटायचो. शब्द डावीकडे, उजवीकडे एक सोपा इंग्रजी शब्द. फ्रूगल म्हणजे इकॉनॉमिकल. थ्रिफ्टी म्हणजे इकॉनॉमिकल. पार्सिमोनियस म्हणजे, काय आश्चर्य, इकॉनॉमिकल. परीक्षा बदलली तरी मी यादी बदलली नाही. मग एक मुलगा सरावचाचणी घेऊन आला. वाक्य होतं एका सावकाराबद्दल, जो नोकरांना पोटभर जेवायलाही देत नसे. पर्यायांत फ्रूगलही होता आणि पार्सिमोनियसही. "सर, दोन्ही सारखेच ना?" तो म्हणाला. यादी दाखवायला त्याने खिशातून काढली तेव्हा मला ती कुठे ठेवावी कळेना.

आता मराठीत बघ. तुझी आजी फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून पावसाळ्यासाठी राखून ठेवते, ती काटकसरी. पाहुण्यांच्या पानात एकच आठळी वाढणारा तो चिक्कू. यांत गोंधळ होईल तुझा? कधीच नाही, कारण हे शब्द तू अर्थाने शिकली नाहीस. कुणाला, कोणत्या सुरात म्हणतात ते ऐकत शिकलीस. फ्रूगल आणि थ्रिफ्टी आजीचे, पार्सिमोनियस आणि पेन्युरियस त्या दुसऱ्याचे. जीआरई हेच विचारते. शब्दाचा अर्थ तिला गृहीतच आहे, ती विचारते सूर.

म्हणून माझं सांगणं असं, की प्रत्येक शब्दाचं एक कार्ड कर, पण त्याच्या मागे इंग्रजी समानार्थी शब्द लिहू नकोस. मराठी लिही, पण शब्दकोशातलं नव्हे, तुझ्या घरातलं. शब्दकोशात परफंक्टरीला "औपचारिकतेपुरता केलेला" असं काहीसं मिळेल आणि ते तू परवा विसरशील. पाट्या टाकणं विसरशील का? एफेमरल, इव्हनेसंट: अळवावरचं पाणी. पॅलिएटिव्ह: वरवरची मलमपट्टी. इक्विव्होकल: गुळमुळीत. टेम्पोराइझ: चालढकल करत वेळ काढणं. इरॅसिबल, टेस्टी: तिरसट. कप्रिशस: लहरी. गॅर्युलस म्हणजे तुमच्या मालवणीत ज्याच्या गजाली संपत नाहीत तो. ऑब्सिक्विअस म्हणजे लाळघोट्या, आणि त्याला एखाद्या नेत्यामागे फिरणाऱ्या माणसाचा चेहरा द्यायला मी तुला शिकवायला नको.

स्वयंपाकघर तर सोन्याची खाण आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

जुनं खोबरं खवट होतं. माणूसही खवट बोलतो. मराठीने खोबऱ्याचा गुण जिभेला लावला. इंग्रजीनेही नेमकं तेच केलंय: खवट तेल ते रॅन्सिड, आणि मनात धरून ठेवलेला जुना राग तो रँकर. दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून आलेत. रँकरस वाद म्हणजे खवटपणे झालेला वाद, जुना कडवटपणा सुटलेला. एकदा हे नाकात बसलं की रँकरसला दुसरं काही लिहावं लागत नाही.

काजूचं बोंडू खाल्लं की तोंड ओढलं जातं. ती तुरट चव म्हणजे ॲस्ट्रिंजंट, आणि त्याच्या मुळाचा अर्थच घट्ट ओढणं, आवळणं. स्ट्रिंजंट नियम त्याच घराण्यातले, आवळून बांधलेले. ॲस्ट्रिंजंट टीका म्हणजे ऐकताना चेहरा आक्रसवणारी. चुलीत ओली लाकडं घातली की डोळ्यांत जातो तो धूर ॲक्रिड, आणि भांडणात तोच धूर निघाला की ॲक्रिमोनियस. वाण्याकडे मिळणाऱ्या सुक्या खोबऱ्याच्या पाकिटावर डेसिकेटेड असं छापलेलं असतं. सुकी मासळीही त्याच वर्गातली. एखाद्याचं लेखन डेसिकेटेड म्हटलं तर त्यातला सगळा रस उडालेला. सॅकरिन गोड बोलणं म्हणजे नको इतकं गोड. तो शब्द मागे मागे गेलीस तर आपल्या शर्करेपाशी पोचतो. आणि रिकॅल्सिट्रंट? मुळात टाचेने मागे लाथ झाडणारा. नांगराला जुंपताना लाथाडणारा बैल पाहिलाय ना? तो.

यात एक धोका आहे, तो आधीच सांगतो. मराठी वाक्प्रचार आणि इंग्रजी शब्द यांची मापं क्वचितच तंतोतंत जुळतात. पाट्या टाकणं कामापुरतं आहे, पण परफंक्टरी हसूही असतं, परफंक्टरी मान हलवणंही असतं. अळवावरच्या पाण्यात थोडं खिन्न तत्त्वज्ञान आहे, तर एफेमरल म्हणजे नुसता अल्पजीवी कीटकही असू शकतो. म्हणून कार्डावर मराठी खुणेखाली एक खरंखुरं इंग्रजी वाक्य हवंच, शब्दकोशातून किंवा वाचनातून उचललेलं, आणि ते मराठी वाक्प्रचाराहून जरा वेगळ्या प्रसंगाचं. शिवाय कोपऱ्यात अधिक किंवा उणे अशी खूण. हट्टाला रेझोल्यूट, स्टेडफास्ट म्हटलं की अधिक. ऑबड्युरेट, इंट्रान्सिजंट म्हटलं की उणे. भोळेपणाला गाइललेस म्हटलं की कौतुक, क्रेड्युलस म्हटलं की बावळटपणा. बऱ्याचदा शब्दाचा नेमका अर्थ आठवत नाही पण खूण आठवते, आणि तेवढ्यावर पाचपैकी तीन पर्याय उडतात.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे. आधी शब्द की आधी प्रश्न? पहिल्या दिवसापासून दोन्ही, आणि प्रश्न सोडवतानाही मराठी वापरायची, एका ठरावीक जागी. एक वाक्य घेऊ. परीक्षेत अर्थात इंग्रजीत येईल:

बंदरावरचा तो तांडेल एरवी इतका ______ की त्या संध्याकाळी तो वादळाची हकिगत पाऊण तास रंगवून सांगत बसला तेव्हा पोरं अवाक झाली.

सहा पर्याय, दोन निवडायचे, दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच झाला पाहिजे: गॅर्युलस, टॅसिटर्न, इंट्रेपिड, व्होल्यूबल, रेटिसंट, सीझन्ड.

पर्याय हाताने झाक. आधी वाक्य वाच आणि रिकाम्या जागेत तुझा मराठी शब्द टाक. पोरं अवाक का झाली? तो बोलला म्हणून. म्हणजे एरवी तो अबोल. आता हात काढ आणि अबोल शोध: टॅसिटर्न आणि रेटिसंट. झालं. पर्याय न झाकता सुरुवात केली असतीस तर काय झालं असतं बघ. गॅर्युलस आणि व्होल्यूबल ही एक देखणी जोडी तिथे मुद्दाम मांडलेली आहे, आणि ज्याला शब्द येतात पण वाक्य वाचायचा धीर नाही तो ती उचलतो. इंट्रेपिड आणि सीझन्ड तांडेलाला शोभतात, कारण समुद्रावरचा माणूस धाडसी आणि मुरलेलाच असणार. पण ते तुझं तांडेलाबद्दलचं मत झालं, वाक्य तसं काही म्हणत नाही. प्रश्न काढणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं.

मी आजवर शेकडो चुकलेली उत्तरं मुलांबरोबर बसून तपासली. मराठी माध्यमाची मुलं अवघड शब्दांवर जेवढी अडतात त्याहून जास्त सोप्या शब्दांच्या जोडण्यांवर घसरतात. एनीथिंग बट म्हणजे "सोडून काहीही", म्हणजेच मुळीच नाही. नथिंग इफ नॉट म्हणजे बरोबर उलट, पुरेपूर. ही इज नथिंग इफ नॉट पंक्च्युअल म्हणजे तो वेळेचा पक्का, आणि ही इज एनीथिंग बट पंक्च्युअल म्हणजे त्याची वाट बघू नका. ऑल बट म्हणजे जवळजवळ. द रोड इज ऑल बट फिनिश्ड, हे वाक्य मुंबई-गोवा महामार्गाने येणाजाणाऱ्याला वेगळं समजवावं लागू नये. फार फ्रॉम म्हणजे "ते तर नाहीच, उलट". डिफिकल्ट इफ नॉट इम्पॉसिबल म्हणजे कठीण, बहुधा अशक्यच. "अशक्य नसेल तर कठीण" असं उलगडलंस की गेलीस. ऑल्बीट, नॉटविदस्टँडिंग, हार्डली, फॉर ऑल हिज लर्निंग... असे पंचवीस-तीस जोड एका वहीत काढ. या तीस गोष्टी तुझ्या यादीतल्या तीनशे शब्दांच्या बरोबरीच्या आहेत, आणि कुणी त्या यादीत घालत नाही कारण त्या "ॲडव्हान्स्ड" दिसत नाहीत.

मराठी माध्यमाचा न्यूनगंड कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही. फायदाच बघ. १७८६ साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं बोलून दाखवलं, आणि त्या नात्याचं फळ तुला फुकट मिळतंय. लघु आणि लॅटिनमधला हलकेपणाचा शब्द ही भावंडं, म्हणून अलीव्हिएट म्हणजे भार हलका करणं आणि लेव्हिटी म्हणजे गंभीर प्रसंगी थिल्लरपणा. गुरु म्हणजे जड, त्याच्या लॅटिन भावंडापासून ग्रॅव्हिटी आणि ॲग्रव्हेट, जे आधीच जड होतं ते अधिक जड करणं. तनु म्हणजे बारीक, सडपातळ. टेन्युअस दुवा म्हणजे लेचापेचा, अटेन्युएट म्हणजे क्षीण करणं, आणि तू इंजिनिअर असल्याने सिग्नल अटेन्युएशन तुला पाठ आहे. स्वप्न आणि सोपोरिफिक (झोप आणणारं), सॉम्नोलंट (पेंगुळलेला). स्वादु आणि स्वाव्ह (गोड वागणारा), अस्वेज (शांतवणं). मृ आणि मॉरिबंड (मरणपंथाला लागलेलं). ज्ञा आणि कॉग्निझंट (जाणीव असलेला). मी फळ्यावर हे लिहितो तेव्हा मागच्या बाकावरची, संस्कृतची सुट्टी काढलेली पोरं पहिल्यांदा वर बघतात.

भावंडं म्हणजे जुळी नव्हेत, एवढं ध्यानात ठेव. तप आणि टेपिड एका मुळाचे, पण एक तापलेलं आणि दुसरं कोमट. टेपिड प्रतिसाद म्हणजे थंडा प्रतिसाद. आणि काही शब्दांत तर साका असतो. हे तुला सांगायला नको: हापूस बाहेरून पिवळाधमक, देठाशी वासही छान, आणि कापला की आत पांढरट, आंबूस. एनर्व्हेट हा शब्द तसा. एनर्जीसारखा वाटतो म्हणून सगळे त्याला उत्साह देणं समजतात, पण अर्थ आहे शक्तिहीन करणं, शिरेतला जोर काढून घेणं. नॉयसमचा आवाजाशी संबंध नाही, तो दुर्गंधीचा. रेस्टिव्ह म्हणजे आरामात नव्हे, चुळबुळ करणारा. डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्षपाती. सेड्युलस बघून सेडेंटरी आठवतं, पण तो बैठा नव्हे, झटून काम करणारा. इथे इंग्रजी माध्यमाची मुलं जास्त फसतात. त्यांना शब्द "ऐकल्यासारखा" वाटतो, ती शब्दकोश उघडत नाहीत. तुला ठाऊकच नसतो, म्हणून तू उघडतेस. साक्याच्या शब्दांची कार्डं वेगळ्या रंगाची कर. चाळीस-पन्नासच निघतील.

तशीच दुसरी जात, ओळखीच्या शब्दांची अनोळखी कामं. क्वालिफाय म्हणजे मर्यादा घालणं. क्वालिफाइड प्रेझ म्हणजे हातचं राखून केलेली स्तुती. फ्लॅग म्हणजे मंदावणं, चेक म्हणजे आवर घालणं, वॉन्ट म्हणजे उणीव, टेंपर म्हणजे सौम्य करणं, वॅक्स म्हणजे कलेकलेने वाढणं. पेडेस्ट्रियन भाषण म्हणजे रटाळ, आर्टलेस मुलगी म्हणजे निष्कपट, आणि कॅथलिक आवडीनिवडी म्हणजे सर्व प्रकारच्या. इंजिनिअरिंगने तुला व्होलटाइल, इनर्ट, कॅटॅलिस्ट, प्लास्टिक दिलेच आहेत, ते माणसांना लावून बघ. प्लास्टिक मन म्हणजे नकली नव्हे, हवा तो आकार घेणारं.

आठव्या दिवशी कोरी होणारी पाटी ही तुझी कमतरता नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून, स्वतःच किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं, आणि मध्ये मध्ये आठवून बघितलं तर ती घसरण थोपते. त्यावरचा साधा उपाय म्हणजे सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेला कप्प्यांचा खोका. तुझ्या घरी सध्या आंब्यांचे पुठ्ठ्याचे खोके पडलेलेच असतील. एकात पाच कप्पे कर. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. आठवलं तर कार्ड दुसऱ्यात, तो एक दिवसाआड. तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरवड्याने. कुठल्याही कप्प्यात चुकलं की कार्ड थेट पहिल्यात, दया नाही. फोनवर हवं असेल तर अंकी नावाचं ॲप हेच करतं. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट आहे. पण कार्डं स्वतःच्या हाताने बनव. दुसऱ्याने केलेल्या गठ्ठ्यात दुसऱ्याची आजी असते.

आणि कार्ड उलटण्याआधी उत्तर तोंडाने म्हण. हे कुणी करत नाही. यादी दहा वेळा वाचली की शब्द ओळखीचे वाटू लागतात आणि येतात असा भास होतो. परीक्षेत ओळखीचे चेहरे दिसतात आणि नावं आठवत नाहीत.

हिशेब असा: रोज १२ नवीन शब्द, आठवड्यातले सहा दिवस, बारा आठवडे. ८६४ होतात. शेवटचे दोन आठवडे नवीन एकही नाही, नुसते कप्पे आणि सरावचाचण्या. तुला हे कमी वाटणार. पण सूर, खूण आणि वाक्य यांसह आलेले साडेआठशे शब्द पक्के असतील तर रिकाम्या जागांसाठी ते पुरतात, आणि वाचनातून आणखी दोनेकशे आपोआप चिकटतात. पेट्या भरताना हात गुंतलेले असतात तेव्हा कार्डं नकोत. त्या वेळी धाकट्या भावाला नाहीतर कुणालाही मराठी खूण ओरडायला सांग, तू इंग्रजी शब्द ओरड. शेजारी हसतील.

ओरडायचंच तर उच्चार बरोबर असू दे. मी स्वतः कितीतरी वर्षं भर वर्गात एपिटोम, एपिटोम म्हणत होतो. मुंबईहून आलेल्या एका पोरीने वर्ग सुटल्यावर हळूच सांगितलं, सर, इपिटमी. तेव्हापासून हायपर्बली, फसाड, अराय असे सगळे मी शब्दकोशाच्या स्पीकरवर आधी ऐकतो. परीक्षेत उच्चार विचारत नाहीत, पण ज्या शब्दाचा आवाज ठाऊक नसतो त्यावरून डोळा घसरतो.

वाचनाचं थोडक्यात. रोज एक इंग्रजी अग्रलेख आणि आठवड्याला दोन लांब लेख, एक विज्ञानाचा आणि एक इतिहासाचा किंवा कलेचा, कारण उतारे त्याच जातीचे असतात. वाचताना मराठीत भाषांतर करत बसू नकोस. मराठी फक्त दोन ठिकाणी: कार्डाच्या मागे आणि रिकाम्या जागेत. बाकी इंग्रजी इंग्रजीतच वाहू दे. निबंधाच्या भागात हे नवे शब्द कोंबण्याचा मोहही टाळ. लग्नात सगळे दागिने एकदम घातलेली नवरी आणि तो निबंध यांत फारसा फरक नसतो.

परीक्षेतली एक व्यवहाराची गोष्ट. तीन रिकाम्या जागांच्या प्रश्नात तिन्ही बरोबर आल्या तरच गुण. प्रत्येक जागेला तीन पर्याय, म्हणजे अंदाजाने लागण्याची शक्यता २७ त एक. एका जागेच्या प्रश्नात पाचात एक. आणि भागातल्या प्रत्येक प्रश्नाचं वजन सारखं. प्रश्नाला खूण करून पुढे जाता येतं, त्याच भागात परतही येता येतं. म्हणून तीन जागांचा राक्षस समोर आला की खूण करायची आणि पुढे. चुकीला उणे गुण नाहीत, तेव्हा शेवटी कोरं काही सोडायचं नाही. पहिल्या भागातल्या कामगिरीवर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते, त्यामुळे दुसरा भाग अवघड वाटला तर घाबरू नकोस, तो चांगल्या बातमीचा भाग असू शकतो.

राहिलं ठिकाण. परीक्षा घरूनही देता येते, पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात देवगडच्या खेड्यातून? वाऱ्यात एक फांदी तारेवर पडली की वीज गेली, वीज गेली की टॉवरही गेला. शिवाय घरून देताना साधा कागद चालत नाही, पुसता येणारी पाटी आणि मार्कर लागतो, खोलीत दुसरं कुणी येऊन चालत नाही. तुमच्या घरात सीझन संपला तरी दार कुणी बंद राहू देईल असं मला वाटत नाही. मुंबई किंवा पुण्याचं केंद्र घे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात, तेव्हा मांडवी एक्सप्रेसने कणकवलीहून निघायचं तर परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी.

सुरुवात या रविवारी कर. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या पॉवरप्रेप या दोन सरावचाचण्या फुकट मिळतात. एक आत्ता दे, काहीही तयारी न करता, घड्याळ लावून. दुसरी जूनच्या मध्यासाठी राखून ठेव. पहिल्या चाचणीत जे शब्द अडतील तेच तुझी पहिली कार्डं. साडेतीन हजारांची ती यादी पेट्यांत आंब्याखाली घालायला वापर, कागद बरा असतो.

आणि अडलेले पहिले वीस शब्द मला लिहून पाठव, प्रत्येकापुढे तुझ्या घरातली मराठी खूण. इंग्रजी अर्थ नको. खवट सोडून काहीही चालेल, ते माझं झालंय.